कॅस्काचं ग्रीक आणि आज्जीचं कानडी

आमच्या घरात एक नियम होता. कुणी बोलून दाखवला नव्हता, पण काटेकोर पाळला जायचा. पैशाची, सोयरिकीची किंवा भाऊबंदकीची गोष्ट निघाली की आज्जी-आजोबा मराठी सोडून कानडीत शिरायचे. आज्जीचं माहेर गोकाककडचं, त्यामुळं कानडी तिची बाळपणापासूनची. आजोबांचं कानडी बेळगावच्या रविवार पेठेतलं, दुकानात बसून गिऱ्हाइकांकडून उचललेलं. हिशेबाला पक्कं, व्याकरणाला कच्चं. आम्ही पोरं समोर भाकरी-आमटी जेवत बसलेलो असायचो आणि आमच्या टाळक्यावरून वाक्यं इकडून तिकडं जायची. मधेच आज्जी हसायची, आजोबा मान हलवायचे. आम्हाला एवढंच कळायचं, की काहीतरी शिजतंय आणि ते आपल्या ताटात पडणार नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी शेक्सपिअरचं ‘ज्युलियस सीझर’ वाचताना मी एका जागी थबकले, कारण तिथं आमचंच जेवणघर होतं.

प्रसंग असा. रोममध्ये लुपरकालियाचा सण आहे, चौकात ही गर्दी. अँटनी सीझरपुढं मुकुट धरतो, सीझर तो तीनदा परत करतो आणि मग फेफरं येऊन खाली पडतो. हा सगळा तमाशा पाहून आलेला कॅस्का नंतर ब्रूटस आणि कॅशियसला हकिगत सांगतोय. कॅशियस विचारतो, तो मोठा वक्ता सिसेरो काही बोलला का? कॅस्का म्हणतो, बोलला की, ग्रीकमध्ये बोलला. म्हणजे काय म्हणाला? त्यावर कॅस्काचं उत्तर असं, की ज्यांना कळलं ते एकमेकांकडं बघून हसले आणि त्यांनी माना हलवल्या. माझं विचाराल तर ‘इट वॉज ग्रीक टू मी.’

आज इंग्रजी बोलणारा कुणीही, कसलाही ग्रीक माणूस आसपास नसताना, ‘इट्स ऑल ग्रीक टू मी’ म्हणतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं: मला यातलं ओ की ठो कळत नाही. समोर आयकराचा फॉर्म असेल, शेअरबाजाराची बातमी असेल, नाहीतर नव्या मोबाइलच्या सेटिंग असतील. भाषा इंग्रजीच असली तरी चालेल. ‘ग्रीक’ इथं भाषेचं नाव राहिलेलं नाही, न कळण्याचं नाव झालंय.

गंमत म्हणजे कॅस्काच्या तोंडी ते वाक्य अजून वाक्प्रचार झालेलं नाही. सिसेरो खरोखरच ग्रीकमध्ये बोललाय आणि कॅस्काला खरोखरच ते कळलेलं नाही, म्हणजे शब्दशः अर्थ. पण त्या काळच्या लंडनच्या प्रेक्षकाला तो दुहेरी ऐकू येत असावा. नाटक १५९९च्या सुमाराचं. त्याच सुमाराला टॉमस डेकर आणि त्याच्या दोघा सोबत्यांनी लिहिलेल्या एका नाटकातही ‘ग्रीक टू हिम’ हीच कोटी आहे. दोन वेगळ्या नाटकांत एकाच वेळी एकच विनोद आला, म्हणजे तो आधीपासून लोकांच्या तोंडात असणार. शेक्सपिअरनं हा वाक्प्रचार जन्माला घातला असं सरसकट सांगतात, ते मला पटत नाही. त्यानं तो मिरवला, एवढं खरं.

आणखी एक खोच आहे. शेक्सपिअरनं ज्याच्या चरित्रांवरून हे नाटक रचलं त्या प्लुटार्कनं लिहिलंय, की इ.स.पू. ४४मध्ये १५ मार्चला सीझरवर पहिला वार कॅस्कानं केला आणि त्या झटापटीत त्यानं आपल्या भावाला मदतीसाठी हाक मारली, ती ग्रीकमध्ये! म्हणजे इतिहासातल्या कॅस्काला ग्रीक येत होतं. शिकल्यासवरल्या रोमन माणसाला ते यायचंच. नाटकातला कॅस्का मात्र ‘आपल्याला नाही बुवा कळत ते पंडिती’ असा रांगडा आव आणतो. तो खरंच अडाणी आहे, की सिसेरो काय म्हणाला ते सांगायचं टाळतोय? मला दुसरं वाटतं. ‘मला काही कळलं नाही’ हे अंग काढून घ्यायचं जगातलं सगळ्यात सोपं वाक्य आहे. कुठल्याही गावकीच्या बैठकीत बसून बघा.

मी संध्याकाळी घराच्या माडीवर इंग्रजीचे वर्ग घेते. टिळकवाडीतली, अनगोळची, वडगावची पोरं येतात. कुणी मराठी शाळेतलं, कुणी कन्नड शाळेतलं, कुणी इंग्रजी माध्यमाचं असूनही इंग्रजीला बुजणारं. हा वाक्प्रचार शिकवला की दरवर्षी त्याच चुका होतात, त्यामुळं मला आता त्यांची जवळजवळ माया वाटते.

पहिली चूक एका मुलानं मोठ्या आत्मविश्वासानं केली होती. उभा राहून म्हणाला, “टीचर, आय ऍम ग्रीक इन मॅथ्स.” त्याला म्हणायचं होतं, गणितात माझं काही खरं नाही. वाक्याचा अर्थ झाला, मी ग्रीस देशाचा आहे. या वाक्प्रचारात ग्रीक असते ती वस्तू, माणूस नाही. गणित ग्रीक आहे, पत्र ग्रीक आहे, वकिलाचं बोलणं ग्रीक आहे. मी आपला बेळगावचाच. ‘मॅथ्स इज ग्रीक टू मी’ असं हवं.

दुसरी चूक ‘फॉर मी’. पोरं आधी मनात ‘माझ्यासाठी’ म्हणतात आणि मग त्याचं इंग्रजी करतात. इथं ‘माझ्यासाठी’ नकोच. आपण ‘मला कळत नाही’ म्हणतो, ‘माझ्यासाठी कळत नाही’ म्हणत नाही. हा ‘मला’ म्हणजेच इंग्रजीतला ‘टू मी’. कन्नड शाळेतल्या पोरांना हे चटकन पटतं, कारण त्यांच्याकडंही ‘ननगे गोत्तिल्ल’, म्हणजे ‘मला माहीत नाही’. समजणं ही गोष्ट मराठीत आणि कानडीत माणसाला येऊन भेटते. माणूस कर्ता नसतो. तो नुसता ‘मला’ म्हणून दारात उभा असतो, कळलं तर कळलं. या बाबतीत ‘ग्रीक टू मी’ची घडण आपल्याला परकी नाही.

काळ बदला, माणूस बदला, चालतं. ‘त्याचं भाषण मला ग्रीक होतं’, ‘हे सगळं तिला ग्रीक वाटणार’. मधे ‘ऑल’ घातला की जोर येतो. ‘ग्रीक’च्या आधी ‘अ’ लावायचा नाही, लावला की पुन्हा ग्रीस देशाचा माणूस येऊन बसतो. आणि अर्धवट कळलं असेल तर हा वाक्प्रचार वापरू नये. तो सोळा आणे न कळण्याचा आहे. ऐकू आलं नाही, पटलं नाही, आठवत नाही, यांपैकी कशालाही तो चालत नाही. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘माझ्या आईचा राग मला ग्रीक आहे.’ मी त्याला अर्धा गुण दिला. नंतर वाटलं, पूर्ण द्यायला हवा होता.

अभियांत्रिकीची पोरं हे ऐकून हसतात. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय १९९८पासून आमच्या बेळगावातच, त्यामुळं गल्लीत एक तरी बॅकलॉगवाला सापडतोच. त्यांचं म्हणणं, आम्हाला तर खरंच ग्रीक आहे: अल्फा, बीटा, थीटा, सिग्मा. हा एकच विषय असा, की ज्यात वाक्प्रचार आणि वस्तुस्थिती यांची गाठ पडते.

पण ग्रीकच का? इंग्लंडच्या शेजारी फ्रेंच होते, वेल्श होते, डच होते. ग्रीस कुठल्या कुठं.

याचं उत्तर शेक्सपिअरच्या बरंच मागं जातं. रोमचं पश्चिमेकडचं साम्राज्य मोडल्यावर पश्चिम युरोपात धर्माची, कायद्याची, शिक्षणाची भाषा लॅटिन राहिली आणि ग्रीक वाचणारे दुर्मीळ होत गेले. मठांत आणि विद्यापीठांत जुन्या पोथ्यांच्या नकला करणाऱ्या, त्यांवर टीका लिहिणाऱ्या लोकांना लॅटिन मजकुरात मधेच ग्रीक ओळी भेटायच्या. अक्षरंच वेगळी. मग लॅटिनमध्ये एक वाक्य रूढ झालं: ‘ग्रेकुम एस्ट, नॉन लेगितुर.’ हे ग्रीक आहे, वाचता येत नाही. तेराव्या शतकातला बोलोन्याचा कायदेपंडित अकर्सियस रोमन कायद्याच्या ग्रंथात ग्रीक उतारा आला की असं म्हणून पुढं जायचा, अशी कथा सांगतात.

हे मला अगदी आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेसारखं वाटतं. तिच्यात पणजोबांची दप्तरं आहेत, सगळी मोडी लिपीत. १९५६पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं आणि पणजोबांच्या पिढीला मोडी म्हणजे हाताचा मळ. आज त्या कागदांवरचं ‘श्री’ तेवढं आम्हाला ओळखू येतं. भाषा आपली, माणूस आपला, बहुतेक जमीनही आपलीच, आणि कागद हातात धरून आम्ही म्हणतो, “मोडी आहे, वाचता येत नाही.” शब्दाला शब्द तेच लॅटिन वाक्य.

तर ‘ग्रीक’ या निवडीत हेटाळणी नाही, थोडा आदरच आहे. ग्रीक ही विद्वानांची भाषा, आपल्या पोचेपलीकडची. १४५३मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडलं, त्याच्या आगंमागं ग्रीक पंडित इटलीत आले, ग्रीकचा अभ्यास पुन्हा सुरू झाला; पण साध्या इंग्रज शाळकरी पोराच्या वाट्याला लॅटिन यायचं, ग्रीक आलं तर चिमूटभर. खुद्द शेक्सपिअरबद्दल त्याचा मित्र बेन जॉन्सन १६२३मध्ये म्हणाला होता, की त्याच्यापाशी लॅटिन थोडं आणि ग्रीक त्याहून थोडं. म्हणजे ‘इट वॉज ग्रीक टू मी’ हे लिहिणाऱ्याच्या बाबतीतही पुष्कळसं खरं होतं. हेच इंग्रज शेजाऱ्याची टर उडवायची असली की ‘डबल डच’ म्हणतात, म्हणजे निव्वळ बडबड. एकात ‘मी कमी पडलो’, दुसऱ्यात ‘तू बरळतोयस’. पोरांना मी सांगते, वरिष्ठांसमोर पहिला वापरा, दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

आता ग्रीक लोक काय म्हणत असतील? वर्गात हा प्रश्न येतोच. ते म्हणतात, हे मला चिनी वाटतंय. फ्रेंचही चिनी म्हणतात, कधी हिब्रू म्हणतात. इटालियन माणसाला ते अरबी असतं. जर्मनांचे दोन प्रकार आहेत. काही अजिबात ठाऊक नसलं की ‘माझ्यासाठी ही बोहेमियातली गावं’. आणि काहीतरी विचित्र, संशयास्पद वाटलं की ‘हे मला स्पॅनिश वाटतंय’. पोलंडचा माणूस गोंधळात सापडला की ‘चेक सिनेमा’ म्हणतो. तुर्की माणूस तर शपथच घेतो: यातलं काही कळलं असेल तर मी अरब होईन! तोच तुर्क एखाद्या विषयात कोरा असला की ‘मी फ्रेंच राहिलो’ म्हणतो. चिनी लोक सगळ्यांचा ससेमिरा संपवतात. त्यांच्यापुढं आता कुणाचं नाव घ्यायचं? ते म्हणतात, हा स्वर्गातला ग्रंथ आहे.

आणि इजिप्तमधला अरब चिडला की काय म्हणतो, ते ऐकून वर्ग दोन मिनिटं शांत होत नाही. तो म्हणतो, “मी काय हिंदीत बोलतोय का?” म्हणजे आपण या वर्तुळाच्या बाहेर उभे राहून मजा बघत नाही. आपणही कुणाचंतरी ग्रीक आहोत.

ही खोड जुनी आहे. ग्रीकांना परक्यांचं बोलणं ‘बर-बर’ ऐकू आलं, म्हणून ते परके ‘बार्बारोस’. स्लाव लोकांनी जर्मनांना जे नाव दिलं त्याच्या मुळाशी ‘मुका’ आहे: आपल्याला कळेल असं बोलत नाही, म्हणजे मुकाच. आपल्याकडंही ‘म्लेच्छ’ हा शब्द मुळात अस्पष्ट, अशुद्ध बोलण्याशी जोडलेला. पतंजलीनं महाभाष्यात असुरांची गोष्ट दिलीय. ते ‘हे अरयः’च्या, म्हणजे ‘अरे शत्रूंनो’च्या, जागी ‘हेलयः हेलयः’ म्हणाले आणि हरले. र-ल च्या घोटाळ्यानं लढाई गेली! आमच्या वर्गातल्या पोरांची गुणपत्रिका गेली तर त्यात नवल नाही.

मराठी माणसाचं ग्रीक कुठलं? घाटावर, देशावर विचाराल तर उत्तर आमच्या उंबऱ्याशी येऊन थांबतं. पुण्याची माझी मामेबहीण मुलाला अभ्यास समजावताना वैतागली की म्हणते, “अरे, मी काय कानडीत सांगतेय का?” तिला त्यात काही वावगं वाटत नाही. आणि हे आजचं नाही. जुन्या मराठीत ‘कानडा’ या शब्दाला ‘कर्नाटकातला’ याशिवाय ‘अगम्य, न आकळणारा’ अशीही छटा आहे. ज्ञानेश्वरांच्या अभंगातला ‘कानडा ओ विठ्ठलू करनाटकू’ हा त्या दोन अर्थांच्या मधोमध, विटेवर उभा आहे. तो कर्नाटकातून आला म्हणून कानडा, की कळत नाही म्हणून कानडा, यावर अभ्यासकांनी पुष्कळ शाई खर्च केलीय. मला विचाराल तर कवीला दोन्ही हवे होते. ‘ग्रीक’ या शब्दाचं इंग्रजीत जे झालं, तेच ‘कानडा’चं मराठीत झालं, फरक एवढाच, की आपल्याकडं त्याच्यापुढं हात जोडले गेले.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मात्र ‘कानडीत सांगतेय का?’ हे वाक्य चालत नाही. माझ्या मामेबहिणीनं ते एकदा आमच्याकडं दिवाळीला आली असताना वापरलं. शेजारची अक्का फराळाचं ताट घेऊन दारातच उभी होती. ती कन्नडिग. तिनं शांतपणे विचारलं, “सांग की गं कानडीत, आम्हाला कळतंय.” आम्ही सगळे हसलो, बहिणीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सीमाभागात राहायचं तर न कळण्याला शेजाऱ्याचं नाव देऊन चालत नाही. शेजारी ऐकत असतो आणि बहुतेक वेळा त्याला तुमचं मराठी तुमच्याहून चांगलं येत असतं.

पाट्यांवरून, फलकांवरून जे राजकारण चालतं त्याबद्दल इथं लिहीत नाही. त्याला वर्तमानपत्रं आहेत. बाजारात भाषा वेगळीच वागते. गणपत गल्लीत भाजीवाली एकाच दमात मराठीत भाव सांगते, कानडीत मोजते आणि हिंदीत भांडते. आमच्या मराठीतही कानडीच्या सवयी मुरल्यात. इतर ठिकाणी ‘चहा-बिहा’ घेतात, आमच्याकडं ‘चहा-गिहा’. हा ‘गि’ कानडीतून आलाय. अडकित्ता, अण्णा, अक्का हे तर साऱ्या महाराष्ट्रानंच कानडीकडून घेतलेत. उलट बाजूनं बघा. घरी मराठी बोलणाऱ्या धारवाडच्या द. रा. बेंद्र्यांनी कानडीत अशी कविता लिहिली, की त्यांना १९७३चा ज्ञानपीठ मिळाला. आणि श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ ही मराठी ओळ कोरलेली आहे, त्याच मजकुराच्या कानडी आणि तमिळ ओळींच्या सोबतीनं. कोरून घेणाऱ्याला यात्रेकरू कुठून कुठून येतात हे ठाऊक असणार. कुणी ‘वाचता येत नाही’ म्हणून पुढं जाऊ नये, याची त्यानं दगडात सोय केली.

मागच्या वर्षी गल्लीतले एक काका दोन कागद घेऊन माझ्याकडं आले. वय सत्तरीपुढचं, शिक्षण मराठी चौथी. एक कागद शेताचा, कानडीत. दुसरा कर्जाच्या विम्याचा, इंग्रजीत. सोबत कुणीतरी त्याचं मराठी भाषांतरही जोडलं होतं. मी कानडी कागद आधी हातात घेतला, म्हटलं हा वाचून दाखवावा. काका म्हणाले, “तो ऱ्हाऊ द्या बाई, तो कळला.” कसा कळला? तर नातवानं मोठ्यानं वाचून दाखवला होता आणि त्यात अर्जी, जमीनु, खाते, उतारा, वारसा, तहशीलदार असे शब्द येत गेले. मधल्या क्रियापदांची भर काकांनी सवयीनं घातली. अडले होते ते मराठी कागदापाशी. त्याची पहिली ओळ होती, ‘उपरोक्त नमूद अटींच्या अधीन राहून विमाधारकाच्या दायित्वाची व्याप्ती अनुसूचीनुसार निर्धारित करण्यात येईल.’ काकांनी ती ओळ बोटानं दाबून धरली होती, निसटेल म्हणून. “हे कुठलं मराठी?” त्यांनी विचारलं.

‘ग्रीक टू मी’ समजावायला मला तेव्हापासून दुसरं उदाहरण लागत नाही. ग्रीक परभाषेतच असतं असं नाही. मायबोलीत असतं, नवऱ्याच्या कार्यालयीन ईमेलमध्ये असतं, डॉक्टरच्या चिठ्ठीत असतं. ती ओळ मला समजायलाही तीनदा वाचावी लागली. मग मी काकांना सांगितलं, “किती पैसे द्यायचे ते विमा कंपनी ठरवणार, आणि ते मागच्या तक्त्यात लिहिलंय.” काका म्हणाले, “मग असं लिवायला काय झालंतं?”

मराठीतल्या इतर वाक्प्रचारांशी ‘ग्रीक’ची जोडी लावताना जरा जपून. ‘डोक्यावरून गेलं’ ही ‘ओव्हर माय हेड’ची जुळी बहीण, त्यात विषय उंच आणि आपण बुटके. ‘पालथ्या घड्यावर पाणी’ शिकवणाऱ्याच्या तोंडी, त्यात दोष ऐकणाऱ्याचा. ‘शेंडा ना बुडखा’ म्हणजे सांगणाऱ्यानंच धड सांगितलेलं नाही. ‘ग्रीक’मध्ये सांगणारा ठीक, कदाचित ऐकणाराही ठीक, मधली दोरीच जुळत नाही. म्हणून मला ‘ओ की ठो’ हाच त्याचा खरा भाऊ वाटतो. त्यात अक्षरच ओळखू येत नाही, पुढचं सगळं नंतरचं. उलटी गोष्ट, म्हणजे न कळणारं अचानक कळलं, तर इंग्रजीत नाणं पडतं आणि आपल्याकडं ट्यूब पेटते. ही ट्यूब घरी बसवलेली असावी, लुकलुकत उशिरा पेटणारी.

वर्गातल्या एका कन्नड मुलाला मी विचारलं, तुमच्यात काय म्हणतात रे? तो म्हणाला, “तले-बुड गोत्तागलिल्ल.” तले म्हणजे डोकं. ‘बुड’ सांगायची वेळच आली नाही, मराठी बाकावरून आवाज आला, “बूड! बूड!” डोकं कुठं नि बूड कुठं ते कळलं नाही. इंग्रजीत यालाही हुबेहूब वाक्प्रचार आहे, फक्त तिथं बुडाच्या जागी शेपूट. आमच्या शेंड्या-बुडख्याचंही कूळ तेच. फळ्यावर तिन्ही एकाखाली एक लिहिले तेव्हा त्या दिवशीचं शिकवणं तिथंच संपलं, कारण पुढचा अर्धा तास पोरं एकमेकांच्या भाषेतली अवयवांची नावंच विचारत होती.

त्याच मुलाकडून आणखी एक गोष्ट नव्यानं कळली. शब्द ओळखीचा होता, पण त्याकडं कधी बघितलंच नव्हतं. कानडीत समजण्याला ‘तिळि’ म्हणतात. आणि ‘तिळि’ म्हणजे निवळ, स्वच्छही. तिळिनीर म्हणजे निवळलेलं पाणी, तिळिसार म्हणजे वरचं पातळ, नितळ सार. गढूळ पाणी हंड्यात ठेवलं की माती हळूहळू खाली बसते आणि वर तळ दिसायला लागतो, तसं समजणं. मला मराठीतलं ‘उमजणं’ फार आवडतं, पण हे ऐकून जरा हेवा वाटला.

माझ्या बाबतीत ते असंच झालं, एका रात्रीत नाही. आज्जी-आजोबांच्या गुप्त बोलण्यात पहिला शब्द तळाशी दिसला तो ‘रोक्क’. आमच्याकडच्या कानडीत पैशाला रोक्क म्हणतात, आणि दुकानात ‘रोख की उधार’ मी रोजच ऐकत होते. मग ‘हुडगा’ कळला, म्हणजे मुलगा. गल्लीत कानडी आया पोरांना तसंच हाका मारायच्या. मग ‘बंगार’, सोनं. ते सराफकट्ट्यावरच्या पाटीवर होतं. आठ-नऊ वर्षांची असेन. एका रात्री जेवताना हे तिन्ही शब्द पाठोपाठ आले, वर आत्याचं नाव आलं, आणि गढूळ पाणी बसलं. आत्यासाठी स्थळ आलंय, त्यांना पैसे हवेत आणि वर सोनं हवंय. आजोबा काहीतरी ठणकावून म्हणाले. पुरतं कळलं नाही, पण ‘इल्ल’ म्हणजे ‘नाही’ हे तर बेळगावच्या मांजरालाही कळतं.

मी ताटाकडं बघत हसले. कॅस्कानं वर्णन केलेली चूक तीच: ज्यांना कळतं ते हसतात.

आज्जीचा घास हातात राहिला. तिनं माझ्याकडं बघितलं, मग आजोबांकडं, आणि आवाज खाली आणून म्हणाली, “इकिगे एल्ला तिळितैत्री.”

हिला सगळं कळतंय हो.

आणि तेही मला कळलं.